घरातला गेमिंग कन्सोल आणि धूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्सोल दुरुस्तीला घेऊन येणारे आणि मेसेज करणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोनीचे प्लेस्टेशन म्हणजे पीएस४ आणि पीएस५, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, निन्टेंडो स्विच आणि शेवटी जुन्या कॅसेटवाल्या गेमबद्दलही आहे. वाचताना एक गोष्ट धरून चला: कन्सोल उघडून साफ करण्यापेक्षा तो कुठे ठेवलाय आणि त्याच्याभोवतीची हवा कशी आहे, याला जास्त महत्त्व आहे. म्हणून जागेबद्दलचा प्रश्न ३ कोणीही गाळू नये.

१. थोडी धूळ बसली तर बिघडतं काय? टीव्हीवरही बसतेच की.

टीव्हीवर धूळ बसते, कन्सोलमध्ये ती ओढली जाते. आतला पंखा खोलीतली हवा खेचतो, ती हीटसिंकच्या, म्हणजे चिप गार ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पत्र्यांमधून जाते आणि चिपची उष्णता घेऊन बाहेर पडते. हे पत्रे अगदी जवळजवळ असतात. कापडाचे तंतू, केस आणि रस्त्यावरची बारीक माती तिथे अडकते आणि हवेची वाट बंद होत जाते. मग तेवढंच काम करायला पंखा जास्त वेगाने फिरतो, आवाज वाढतो, आणि शेवटी कन्सोल खूप गरम झाल्याचा संदेश स्क्रीनवर येतो किंवा खेळता खेळता तो बंद पडतो.

कोरडी धूळ त्यातल्या त्यात बरी, ती फुंकली की उडते. आपल्या घरांत खरा त्रास चिकट धुळीचा. फोडणीची वाफ आणि उदबत्ती-धुपाचा धूर यांचा पातळ थर पात्यांवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि मग ती ब्लोअरनेही निघत नाही.

२. किती दिवसांनी साफ करायचा?

बाहेरून आठवड्यातून एकदा कोरडं फडकं. हवेच्या जाळ्या महिन्यातून एकदा. पीएस५ ची प्लेट काढून आतली वरवरची सफाई (प्रश्न ६) पाच-सहा महिन्यांनी. पूर्ण उघडायचं ते आवाज किंवा उष्णता वाढली तरच, तारीख बघून नाही. रस्त्यालगतचं तळमजल्याचं घर असेल, शेजारी बांधकाम चालू असेल किंवा घरात मांजर-कुत्रा असेल तर हे अंतर निम्मं करा.

३. घरात नेमका कुठे ठेवू?

जमिनीवर नको. झाडू मारताना उडणारी सगळी धूळ गुडघ्याखालीच असते. सतरंजी, गोधडी किंवा गालिच्यावरही नको, तळाच्या जाळ्या बंद होतात आणि तंतू आत जातात. कंबरेच्या उंचीची, टणक, सपाट फळी उत्तम.

पीएस४ आणि पीएस५ साठी सोनी भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर सांगते. एक्सबॉक्सलाही चारी बाजूंनी १० ते १५ सेंटिमीटर मोकळं हवं. काचेचं दार असलेल्या शोकेसमध्ये धूळ कमी जाते हे खरं, पण बाहेर टाकलेली गरम हवाच कन्सोल पुन्हा आत घेतो. तिथेच ठेवायचा असेल तर खेळताना दार उघडं ठेवा आणि शोकेसच्या मागच्या प्लायला हात जाईल एवढं भोक पाडून घ्या.

वन रूम किचनमध्ये निवड फारशी नसते, कळतं मला. तरी ओट्यासमोरच्या आणि देव्हाऱ्याखालच्या भिंतीपासून कन्सोल लांब ठेवा. तेवढं केलं तरी आतला चिकट थर पुष्कळ कमी होतो. खिडकीखालीही नको: धूळ येते, ऊन येतं आणि जूनमध्ये पावसाची झड येते.

४. बाहेरून पुसायला काय वापरू? कॉलिन, सॅनिटायझर, ओलं फडकं?

सुती किंवा मायक्रोफायबरचं कोरडं, मऊ फडकं. बस्स. काच पुसायचं स्प्रे कन्सोलवर कधीच मारू नका, थेंब जाळीतून थेट आत जातात. जेल सॅनिटायझर सुकल्यावर चिकट राहतो आणि त्यावर दुप्पट धूळ बसते. हाताचे तेलकट डाग निघत नसतील तर फडक्याचं टोक पाण्याने जेमतेम दमट करून तेवढीच जागा पुसा, जाळीपासून लांब, कन्सोल बंद आणि प्लग काढलेला असताना.

चकचकीत काळ्या भागाची वेगळी काळजी घ्या. पीएस५ च्या मधल्या पट्टीवर किंवा पहिल्या पीएस४ च्या वरच्या चकचकीत भागावर धूळ असताना फडकं घासलं की तीच माती पॉलिश पेपरचं काम करते. दिव्याखाली तिरकं बघा, गोल गोल ओरखडे दिसतील. आधी मऊ ब्रशने किंवा कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग फडकं लावा.

घरकामाला येणाऱ्या ताई टीव्ही युनिट ओल्या फडक्याने पुसत असतील तर त्यांना कन्सोल तेवढा सोडायला सांगून ठेवा आणि तो स्वतः पुसा.

५. सफाईच्या आधी नुसता बंद केला तर चालेल का?

नाही. रेस्ट मोड किंवा स्टँडबायमध्ये कन्सोल झोपलेला दिसतो, पण वीज चालू असते. मेनूमधून पूर्ण बंद करा, भिंतीतला प्लग काढा, एचडीएमआय आणि इतर वायरी काढा, आणि गार व्हायला अर्धा तास द्या. इन्व्हर्टरवर असेल तर घरातली लाइट गेली म्हणजे वीज गेली असं समजू नका.

६. पीएस५ च्या पांढऱ्या प्लेट्स काढल्या तर वॉरंटी जाते का? आत काय साफ करायचं असतं?

जात नाही. एसएसडी (गेम साठवायची जादा मेमरी) बसवायची जागा याच प्लेटखाली आहे आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती वापरायला सोनीनेच परवानगी दिली आहे, म्हणजे प्लेट काढणं हे ग्राहकाचंच काम धरलेलं आहे. पहिल्या मॉडेलमध्ये दोन मोठ्या प्लेट्स असतात. कोपरा हलकेच उचलायचा आणि प्लेट सरकवायची. सरळ वर ओढू नका, खुंट्या तुटतात. स्लिम या नंतरच्या सडपातळ मॉडेलमध्ये चार तुकडे आहेत.

प्लेट निघाली की मोठा काळा पंखा दिसतो. त्याचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी ४५ मिलिमीटर आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी हवा घेतो. म्हणून दोन्ही प्लेट्स काढून दोन्हीकडून साफ करा. एकच बाजू साफ करून पुन्हा आवाजाची तक्रार करणारे बरेच भेटतात.

पहिल्या मॉडेलमध्ये सोनीने फार चांगली सोय केली आहे. आत धूळ साठण्यासाठी वेगळे कप्पे आहेत आणि त्यांची दोन भोकं प्लेटखाली दिसतात. व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर ठेवून त्याचं अरुंद तोंड तिथे धरलं की साठलेली धूळ निघते. पंख्याची पाती मऊ ब्रशने एकेक करून झाडा, आणि झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

७. ब्लोअर, व्हॅक्यूम, हवेचा कॅन: काय घेऊ? पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणली तर?

पंक्चरवाल्याकडची हवा अजिबात नको. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, थोडं तेलही असतं, आणि हवेबरोबर तेही आतल्या सर्किट बोर्डावर उडतं. टायरला त्याने काही होत नाही, कन्सोलची वाट लागते.

हवेच्या कॅनने काम चांगलं होतं, पण कॅन उभा धरा. तिरका किंवा उलटा केला तर आतला द्रव बाहेर येतो आणि तो भयंकर गार असतो. लांब दाबून न धरता छोटे छोटे फवारे मारा.

लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात मिळणारा विजेवरचा ब्लोअर जोरदार असतो. तो उघडलेल्या कन्सोलवर, हातभर अंतरावरून आणि पंखा धरूनच वापरायचा. पंखा हवेने सुसाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते आणि ती उलटी बोर्डाकडे जाते. पात्यांमध्ये आइस्क्रीमची लाकडी काडी अडकवली की काम भागतं.

कन्सोल बंद कवचात असताना आत हवा मारू नका, धूळ हीटसिंकमध्ये आणखी घट्ट बसते. बाहेरून करायचं ते ओढायचं काम: ब्रशने जाळी मोकळी करायची आणि व्हॅक्यूमने धूळ खेचायची. व्हॅक्यूमचं प्लॅस्टिकचं तोंड उघड्या बोर्डाला मात्र टेकवू नका, त्यावर स्थिर वीज तयार होते. मोजकंच काही घ्यायचं असेल तर रबरी ब्लोअर आणि रंगाचा कोरा मऊ ब्रश घ्या. स्वस्त आहेत आणि त्यांनी नुकसान करणं अवघड आहे.

८. माझ्या पीएस४ चा पंखा इतका ओरडतो की टीव्हीचं काही ऐकू येत नाही. बाहेरून साफ केलं, फरक नाही.

फरक पडणारही नाही, कारण धूळ बाहेरून दिसतच नाही. पीएस४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आला, त्यामुळे घरोघरी चालू असलेले बरेच पीएस४ आता चांगले म्हातारे आहेत. खालचं झाकण काढलं की पंखा दिसतो आणि बऱ्याचदा तो बऱ्यापैकी स्वच्छ असतो. इथेच लोक फसतात आणि झाकण लावून टाकतात. खरा अडथळा पुढे असतो. पॉवर सप्लायचा डबा बाजूला केला की हीटसिंकचे पत्रे दिसतात, आणि पंख्याकडच्या तोंडावर जुन्या गादीतल्या कापसासारखा राखाडी थर बसलेला असतो. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर कधीकधी तो अखंड पट्टीसारखा निघून येतो. ती पट्टी निघाली की आवाज त्याच दिवशी उतरतो.

हे घरी करायचं का? जुन्या मॉडेलचे मागचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, मधे टोक असलेले टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे) स्क्रू आहेत. टी८ सिक्युरिटी किंवा टी९ बिट लागतो. चुकीच्या बिटने स्क्रूचं डोकं झिजवून आणलेले कन्सोल दुरुस्त करायला सगळ्यात जास्त वेळ खातात. हातात बिट असेल, आधी एखादा लॅपटॉप उघडलेला असेल, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्या जागी ठेवायची शिस्त असेल तर करा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो. धूळ बाहेरूनच झाडा.

९. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं तर वॉरंटी संपते, असं दुकानदार म्हणतो. इंटरनेटवर तर उलटं वाचलं.

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल इशारा दिला होता, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो होत्या. तुम्ही वाचलं ते बहुधा त्याबद्दलचं. पण तो अमेरिकेतला कायदा, आपल्याकडे वॉरंटी कार्डावर लिहिलेलं बघावं लागतं. कन्सोल वॉरंटीत असेल तर माझा सल्ला साधा आहे: स्टिकरखालचा स्क्रू काढू नका, तक्रार कंपनीकडे न्या. पीएस५ च्या प्लेट्सचा प्रश्न वेगळा, तो ६ मध्ये आहे.

१०. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या वरच्या भोकांतून धूळ आत पडत नाही का?

चालू असताना नाही, तेव्हा १३० मिलिमीटरचा पंखा हवा खालून वर फेकत असतो. बंद असताना मात्र धूळ सरळ पंख्यावर पडते. म्हणून या कन्सोलवर न खेळण्याच्या दिवसांत पातळ सुती कापड टाकायला माझी हरकत नाही, पण प्रश्न ११ ची अट पाळून. हवा तळातून आणि मागच्या भोकांतून आत येते, तिथली धूळ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा. वर फोटो फ्रेम, रिमोट, चार्जर काहीही ठेवू नका. सिरीज एसमध्ये काळ्या गोल जाळीतून गरम हवा बाहेर येते, ती बाजू भिंतीकडे नको.

११. आईने टीव्हीसारखंच कन्सोललाही क्रोशाचं कव्हर विणलंय. घालू का?

नक्की घाला. अट एवढीच की कन्सोल पूर्ण बंद आणि गार असावा. रेस्ट मोडमध्ये तो डाउनलोड करतो, कंट्रोलर चार्ज करतो आणि गरमही होतो, तेव्हा कव्हर नको. खेळ संपल्यावर अर्ध्या तासाने कव्हर घालायचं, खेळायच्या आधी काढून बाजूला ठेवायचं. महिन्यातून एकदा ते धुवा, नाहीतर साठलेली धूळ कव्हर काढताना तिथेच झटकली जाते.

१२. जाळ्यांवर पायमोज्याचं कापड किंवा फिल्टर चिकटवला तर धूळच जाणार नाही ना?

धूळ कमी जाईल, पण हवाही कमी जाईल. कन्सोलचा पंखा ठरावीक अडथळा धरून बनवलेला असतो. त्यावर कापड ताणलं की धुळीने व्हायचा तोच परिणाम तुम्ही पहिल्या दिवसापासून करून ठेवता. बारीक कापड तर आठवड्याभरात भरतं. मी लावत नाही, लावा असं सांगतही नाही.

१३. घरात पुट्टी-रंगाचं काम निघालंय. कन्सोल झाकून ठेवला तर पुरेल?

झाकून पुरत नाही, बांधून ठेवावा लागतो. पुट्टी घासताना आणि पीओपी कापताना उडणारी पूड इतकी बारीक असते की ती चादरीतून आरपार जाते. सगळ्या वायरी काढा, कन्सोल मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि जमलं तर दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवा. काम संपल्यावर घर दोनदा पुसून होईपर्यंत बाहेर काढू नका. दिवाळीच्या साफसफाईत माळे झाडताना आणि धुळवडीला गुलाल घरात येतो तेव्हाही हेच करा. काम चालू असताना कन्सोल चालवलाच असेल आणि आवाज वाढला असेल, तर ती पूड ओली करून पुसू नका, तिचा लेप होतो. कोरडीच झाडायची.

१४. आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात धुळीपेक्षा ओलीचीच भीती वाटते.

भीती बरोबर आहे, आणि दोन्ही एकत्रच येतात. धूळ हवेतला ओलावा धरून ठेवते. खाऱ्या हवेत तोच ओलसर थर बोर्डावरच्या बारीक पायांना गंज आणतो. त्यामुळे तुमच्याकडे मोठी सफाई मे महिन्यात, पावसाच्या आधी. पावसाळ्यात कन्सोल दर तीन-चार दिवसांनी तासभर तरी चालवा, त्याची स्वतःची उष्णता त्याला कोरडं ठेवते. महिनोन् महिने वापरायचा नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एसीच्या खोलीतून दमट खोलीत नेला तर लगेच सुरू करू नका, आत दव धरतं. काही तास थांबा.

१५. विदर्भात उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवला तर गार राहील ना?

नाही, कूलरसमोर नकोच. कूलरच्या हवेत ओल असते, बऱ्याचदा पाण्याचे तुषारही असतात, आणि त्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात. प्रश्न १ मधल्या चिकट थराचाच हा दुसरा प्रकार. पीएस५ साठी सोनीने ५ ते ३५ अंश सेल्सिअस एवढं खोलीचं तापमान सांगितलं आहे, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. दुपारचा खेळ टाळून सकाळी किंवा रात्री खेळा, कूलरचा झोत दुसरीकडे वळवा आणि उन्हाळा लागायच्या आधी जाळ्या साफ करून ठेवा.

१६. कन्सोलमधून झुरळ बाहेर आलं! काय करू?

पुष्कळ घरांत होतं, लाज वाटू देऊ नका. झुरळांना ऊब आणि अंधार लागतो, आणि स्टँडबायवर ठेवलेल्या कन्सोलचा पॉवर सप्लाय दोन्ही देतो. त्यांची विष्ठा बोर्डावर पडली की शॉर्ट होतो, म्हणून दुर्लक्ष करू नका.

आत झुरळांचा स्प्रे मारू नका. तो तेलकट असतो, पेटतो, आणि त्याचा थर बोर्डावर राहतो. डांबराच्या गोळ्याही कन्सोलजवळ नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. झुरळांच्या जेलचे ठिपके टीव्ही युनिटच्या मागे, बिजागरांपाशी आणि वायरींच्या वाटेवर लावा. कन्सोल रोज रात्री पूर्ण बंद करून प्लग काढा, म्हणजे तो गार पडतो. घरातली झुरळं कमी झाल्यावरच आतून साफ करून घ्या, नाहीतर ती परत येतात. दुरुस्तीला देताना आत झुरळं आहेत हे आधी सांगा, म्हणजे दुकानवाला तो वेगळा ठेवेल. पालीची अंडी मागच्या पोकळीत सापडली तर चिमट्याने उचला, चिरडू नका.

१७. कंट्रोलरची बटणं चिकटतात आणि स्टिक आपोआप सरकते. धुळीमुळे का?

चिकटणं बहुतेक वेळा चिवड्याच्या तेलाने किंवा सरबताने होतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावा, काडी पिळून घ्या आणि कंट्रोलर बंद ठेवून बटणाच्या कडेने फिरवा. जोडावरच्या फटीतला मळ लाकडी टूथपिकने निघतो. चार्जिंगच्या भोकातला कापूसही टूथपिकनेच काढा, सुईने कधीच नाही.

स्टिक सरकण्याची कारणं दोन. धूळ असेल तर स्टिकच्या मुळाशी हवा मारून आणि गोल फिरवून फरक पडतो. आतली घासपट्टी झिजली असेल तर सफाईने दोन-चार दिवस बरं वाटतं आणि दोष परत येतो. मग भाग बदलण्याला पर्याय नाही.

१८. डिस्क वाचली जात नाही. टूथपेस्टने घासू?

नको. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेमध्ये फक्त ०.१ मिलिमीटर. पीएस४ आणि पीएस५ च्या डिस्क ब्लू-रे आहेत. घासायला तिथे जागाच नाही, आणि वरचं कडक संरक्षक आवरण गेलं की डिस्कही गेली. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

१९. निन्टेंडो स्विचला वेगळं काही?

हवा मागून खालच्या बाजूने आत जाते आणि वरच्या फटीतून बाहेर येते. दोन्ही जागा रबरी ब्लोअरने मोकळ्या करा. डॉकमध्ये (स्विच टीव्हीला जोडायला ज्यात बसवतात त्या स्टँडमध्ये) माती असेल तर आत-बाहेर करताना स्क्रीनच्या कडेला ओरखडे पडतात, म्हणून डॉकही उलटा करून झाडा.

२०. लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम माळ्यावर सापडला. कॅसेटमध्ये फुंकर मारायची ना?

नव्वदच्या दशकात सगळ्यांनी मारली आणि गेम चालूही झाला. पण चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत नीट बसल्यामुळे. फुंकरीतली ओल पिनांवर राहते आणि त्या काळ्या पडतात. निन्टेंडोही आपल्या कॅसेटमध्ये फुंकू नका असंच सांगत असे. खोडरबराने पिना घासण्याची दुकानातली पद्धतही टाळा, पातळ मुलामा असला तर निघून जातो.

कापसाची काडी प्रश्न १७ मधल्या अल्कोहोलमध्ये भिजवून पिनांच्या लांबीच्या दिशेने ओढा. काडी काळी झाली की नवी घ्या, ती पांढरी राहीपर्यंत करत राहा. दहा मिनिटं सुकू द्या. मग कॅसेट गेममध्ये चार-पाच वेळा आतबाहेर करा, म्हणजे आतल्या स्लॉटच्या पिनाही घासल्या जातात. त्यानंतरही स्क्रीन करडी राहिली तर ॲडॅप्टर बघा. इतक्या जुन्या सेटमध्ये बऱ्याचदा तोच गेलेला असतो.